चायना ऑरेंज

चायना ऑरेंज : (कॅलामॉन्डिन, लॅ. सिट्रस मायक्रोकार्पा, कुल-रूटेसी). कुंडीत सहज वाढणारे, वर्षातून अनेकदा फुलणारे शोभेचे लिंबूवर्गीय झाड. मँडरिन गटातील संत्रे आणि कमक्वाट यांच्या संकरातून ते निर्माण झाले. कमक्वाटांसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यांनी १९१५ मध्ये फॉर्च्युनेला ही स्वतंत्र प्रजाती मांडली होती, म्हणून जुन्या ग्रंथांत या झाडाचे नाव सिट्रोफॉर्च्युनेला असे आढळते. फिलिपीन्समध्ये ते ‘कलामन्सी’ या नावाने रोजच्या स्वयंपाकातले आहे.

कुंडीत झाड मीटर-दीड मीटर उंच होते. पाने गर्द हिरवी, फुले पांढरी व सुवासिक. फळ २.५ ते ४ सेंमी. व्यासाचे असते, त्याची पातळ साल गोडसर आणि गर चांगलाच आंबट असतो. कळी, फूल, हिरवे फळ आणि पिकलेले फळ एकाच फांदीवर दिसू शकते, हेच त्याचे खरे आकर्षण.

रोपवाटिकेतून फळांनी लगडलेले झाड आणून दिवाणखान्यात ठेवण्याची चाल आहे, आणि बहुतेक झाडे तिथेच बिघडतात. ऊन कमी पडताच फुले व फळे गळतात, मग पानेही. सहा तास थेट ऊन मिळेल अशी गच्ची किंवा बाल्कनी नसेल तर हे झाड घेऊच नये. आणल्यावर आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवून मग पूर्ण उन्हात न्यावे.

कुंडी १२ ते १४ इंचांची, तळाला मोकळी भोके असलेली घ्यावी. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी जाडसर वाळू हे मिश्रण चालते. मातीत बोट दोन इंच खुपसून कोरडे लागले की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. ताटलीत पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवावी. पठारावरील चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरचे जड पाणी या झाडाला मानवत नाही. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून साधे खत वाढवून उपयोग होत नाही. चिलेटेड लोह द्यावे आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी वापरावे.

विदर्भातील संत्राबागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग बहार धरतात. कुंडीतही हे साधते, मात्र मातीचा साठा थोडा असल्याने पाने जराशी मलूल होताच थांबावे आणि खत-पाणी सुरू करावे. कलमी रोपावर डोळा भरलेल्या जागेखालून आलेले फुटवे लगेच काढावेत. ते खुंटाचे असतात आणि वरच्या झाडाचा जोर खातात.

कोवळ्या पालवीवर नागअळीच्या चंदेरी नागमोडी रेषा उमटतात, पिठ्या ढेकूण व मावा येतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. त्यावर निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी. लिंबाच्या फुलपाखराची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. तिला डिवचले की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले, उग्र वासाचे अंग बाहेर येते. अशा चार-पाच अळ्या लहान झाड बोडके करतात. पण त्यांना मारू नये. हाताने उचलून मोठ्या कढीलिंबावर सोडाव्यात, तिथे त्या पोसल्या जातात.

लिंबूवर्गीय फळांना नारिंगी रंग चढायला रात्रीची थंडी लागते, त्यामुळे मुंबई-कोकणात फळ पिकूनही हिरवट-पिवळे राहू शकते. रंगाची वाट पाहायचे कारण नाही. फिलिपीन्समध्ये ते हिरवेच तोडून मासळी व शेवयांवर पिळतात, सोया सॉसमध्ये मिसळतात. आपल्याकडे सरबत आणि सालीसकट लोणचे दोन्ही उत्तम होतात. फळ ओढून तोडल्यास देठाशी साल फाटते, म्हणून ते कात्रीने कापावे.