शिक्षेतली कमाई

आम्ही इतिहासाचे पंडित नाही. कारखान्याच्या फाटकावर सभा घेता घेता जे वाचून झाले, तेवढीच आमची विद्या. तेव्हा तुरुंगाच्या या विषयाकडे आम्ही कसे वळलो, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या युनियनमधल्या एका सभासदाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. गुन्हा घडला होता. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. त्याची बायको एकदा कचेरीत आली आणि तिने पिशवीतून दिनदर्शिकेची जुनी पाने काढली. प्रत्येक महिन्याखाली पेन्सिलीने आकडा होता. चांगले वर्तन आणि नेमून दिलेले काम यांबद्दल नवऱ्याला मिळालेले माफीचे ते दिवस. “भाऊ, तुम्ही बोनसचा हिशेब करता. एवढा ह्यांचा करून द्या. कधी सुटतील?”

बेरीज आम्हांला आली. तारीख मात्र निघेना. ती का निघत नाही, हे शोधताना आम्ही १८४० सालापर्यंत मागे गेलो.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात नॉरफोक नावाचे लहानसे बेट आहे. वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा केलेले कैदी इंग्रज सरकार तेथे ठेवी. चाबूक आणि बेड्या हाच तेथला कायदा होता. मार्च १८४० मध्ये अलेक्झांडर मॅकोनोची हा आरमारातला अधिकारी बेटाचा मुख्य म्हणून आला. हा माणूस पूर्वी फ्रान्समध्ये युद्धकैदी म्हणून राहिलेला. कोंडले जाणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकावरून शिकायचे नव्हते. त्याचे म्हणणे असे की, शिक्षा वर्षांत न मोजता गुणांत मोजावी. सात वर्षांऐवजी ६,००० गुण, दहा वर्षांऐवजी ७,००० आणि जन्मठेपेऐवजी ८,०००. गुण कामाने आणि वर्तनाने मिळवायचे, बरे अन्न हवे असेल तर त्यांतूनच खर्च करायचे, आणि गैरवर्तन झाले तर ते कापले जायचे. हे उक्ते काम झाले. उक्त्या कामाबद्दल एरवी आमच्या मनात शंका असते, कारण त्यात माणूस स्वतःलाच पिळून काढतो. पण ज्याच्यापुढे उद्याच नाही, त्याच्या हाती निदान मोजपट्टी आली, हे कबूल केले पाहिजे.

त्याच वर्षी मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त मॅकोनोचीने कैद्यांना सुट्टी दिली, जेवण दिले, नाटक करू दिले. संध्याकाळी सारे मुकाट्याने आपापल्या जागी परतले. गडबड झाली ती बेटावर नव्हे, वरच्या कचेऱ्यांत! कारण सुटकेचा शेवटचा अधिकार त्याच्याकडे कधीच नव्हता. तो सिडनीच्या गव्हर्नराकडे आणि लंडनच्या सरकारकडे होता. गव्हर्नर गिप्स १८४३ मध्ये स्वतः बेट पाहून आले आणि त्यांचे मत बरेच अनुकूल झाले. तरीही १८४४ मध्ये मॅकोनोचीला बेट सोडावे लागले.

माणूस गेला, पण गुण राहिले. पुढे आयर्लंडच्या तुरुंगांत ही पद्धत आली, आणि हिंदुस्थानच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यात माफीची व्याख्याच अशी केली गेली की, कैद्याला गुण देणे आणि त्यानुसार शिक्षेची मुदत कमी करणे यांचे नियम. महाराष्ट्राने आपले माफीचे नियम १९६२ मध्ये केले. हिशेब आणि किल्ली यांची फारकत मात्र तशीच राहिली. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी अर्ज केला होता की, माफीचे दिवस धरता आपली वीस वर्षे भरली, सबब सुटका व्हावी. जानेवारी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य; माफी जमली तरी सुटकेचा हक्क होत नाही, ती सरकारच्या हुकुमानेच व्हावयाची. पुढे १९७८ मध्ये कायद्यात भर पडली की, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपीच्या कैद्याने निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगलीच पाहिजेत. २०२३ च्या नव्या फौजदारी संहितेतही हे कलम आहे.

यात कठोरपणा आहे, पण अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांचे माणूस गेले, त्यांच्याही घरी दिनदर्शिका असते. आमची तक्रार निराळी आहे. कामगाराची हजेरी रोज लावायची आणि पगाराचा दिवस कोणता हे कधीच सांगायचे नाही, असा कारखाना आम्ही चालू दिला नसता. चौदा वर्षांनंतर फाइल कोणाच्या टेबलावर आहे, नकार का मिळाला, हे कैद्याला कळायला नको काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुटकेचे धोरण जेथे आहे, तेथे पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी राज्याने त्याचा विचार केला पाहिजे आणि निर्णयाची कारणे नोंदवली पाहिजेत. मॅकोनोचीच्या बेटापासून इथवर यायला १८५ वर्षे लागली.

वहिनींना आम्ही खरे तेच सांगितले. चौदा वर्षे पुरी होण्याआधी आशा धरू नका. नंतर मात्र विचारायला आपण बरोबर जाऊ. त्यांनी पाने नीट घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्याचा आकडा लिहायला पेन्सिल हवी होती, ती आमच्या टेबलावरून मागून नेली.