दाबमापकाचा काटा: वाफेच्या एंजिनापासून मोटारीपर्यंत

यंत्राच्या अंतर्भागातील दाब चालकाच्या दृष्टीस आणणारे सुटसुटीत साधन पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ याने १८४९ साली सिद्ध केले. त्याची चपटी, वक्र नळी दाब वाढताच सरळ होऊ पाहते व दंतचक्रांद्वारे काटा फिरविते. कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झालेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ या अडीच फुटी लोहमार्गावर १९९४ साली डीझेल एंजिन येईपर्यंत वाफेची एंजिने धावली. बॉयलरमधील दाबाचा काटा सतत नजरेसमोर असल्यावाचून अशी एंजिने चालविणे धोक्याचे असे.

मोटारीत हाच काटा वंगणतेलाचा दाब दाखवी. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र अनेक गाड्यांत त्याची जागा तांबड्या दिव्याने घेतली. दाब अगदी उतरल्यावरच दिवा पेटतो. बेअरिंगांच्या झिजेमुळे तो हळूहळू घटत असल्याची वार्ता दिवा देत नाही. म्हणून स्विचच्या जागी टी-जोड बसवून दिवा कायम ठेवावयाचा व बारीक नळीने मापकही जोडावयाचा, अशी रीत पडली. ती नळी फुटल्यास तेल वाहून एंजिन निकामी होण्याचा धोकाही तिजबरोबर आला. कारखान्याने गाळलेले माप मालकाने स्वखर्चाने परत आणले. यंत्रविकास एकाच दिशेने होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.