रविवार कोणी दिला?

वेळेचे नियोजन कसे करावे, कमी वेळात जास्त काम कसे उरकावे, हे आम्हाला सारखे विचारले जाते. आज आपण हा प्रश्न इतिहासाकडून बघू.

उत्पादकता म्हणजे शेवटी भागाकार. वर काम, खाली तास. पण खालचा आकडाच ठरलेला नसेल, तर भागणार कशाने? 1880 च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत नेमके हेच होते. वीज नव्हती, म्हणून काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे. 13 तासांच्या पुढे जायचे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सूर्य मावळला म्हणून माणूस घरी जायचा, थकला म्हणून नाही.

नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ चालवणारे. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे गेला. मागण्या बघा किती साध्या आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि अपघात झाला तर काही मदत. सूर्यास्तापर्यंत काम करायला ते तयार होतेच! फक्त कुठेतरी रेघ ओढा, एवढेच म्हणणे.

रविवारच का? लोखंड्यांचा युक्तिवाद असा सांगितला जातो की रविवार हा खंडोबाचा वार. आपल्या जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. साहेबाचा चर्चचा वार आणि कामगाराच्या कुलदैवताचा वार एकच निघाला, हे त्यांनी बरोबर हेरले. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात, सरकारी सुटी शुक्रवारी असे. 1948 नंतर आपणही रविवारवर आलो. म्हणजे वार बदलतो; निसर्गात सुटी कुठेच लिहिलेली नाही. ती माणसांनी मागून, भांडून घेतली.

बाकीची रेघ मात्र फार हळू सरकली. 1891 च्या कायद्याने बायकांना 11 तास, मुलांना 7 तास; प्रौढ पुरुषांना काहीच नाही. मध्ये गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची हद्दही गेली. 1911 मध्ये पुरुषांना 12 तास, 1922 मध्ये 11, आणि 1948 मध्ये दिवसाला 9, आठवड्याला 48. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे: यातला एकही तास कोणाच्या उत्तम वेळापत्रकामुळे कमी झाला नाही. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तासांचा सल्ला दिला, तेव्हा त्यावर गरमागरम चर्चा झाली. पण लोखंड्यांचे नाव त्यात फारसे कोणी काढले नाही.

शेतीत तर ही रेघ आलीच नाही. अपवाद एकच, आणि तो बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, तूप-हळद लावतात, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शहाणपणाची चाल आहे. पण त्याच दिवशी घरातली बाई पुरणाला बसलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या खुरपणीला. तिला पोळा कोणता?

आणि आता आपल्याच घरातले. लातूर-नांदेडला क्लासला असलेली अकरावी-बारावीची मुले. आमच्याकडे काही मुले आपले वेळापत्रक दाखवायला आणतात. पहाटे 5 ते रात्री 11. झोप सोडून सगळे रंगवलेले, हिरवे, पिवळे, लाल. आणि विचारतात, ‘सर, अजून कुठे वेळ निघेल?’ आम्ही रविवारच्या चौकटीवर बोट ठेवतो. तिथे लिहिलेले असते: टेस्ट, सकाळी 9 ते 12, नंतर चुकांची उजळणी. 1890 चा तो वार त्या मुलाला कोणी सांगितलेलाच नसतो. आम्ही त्याला लोखंड्यांची ही हकिकत सांगतो, आणि त्याच्या आईवडिलांनाही बसवून घेतो. कारण ती चौकट एकट्या मुलाने रिकामी करायची म्हटली तर जमत नाही.