न्यूयॉर्कमधील एक चिनी अंगण

एका देशातील बाग उचलून दुसऱ्या देशात नेता येते काय? रोपे नेता येतील, दगडही नेता येतील; पण गवंड्याचा हात आणि सुताराची नजर पेटाऱ्यात कशी भरावी? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला 1970 नंतरच्या दशकात हा प्रश्न सोडवावा लागला. संग्रहालयाने मिंगकालीन लाकडी सामान खरेदी केले होते. त्याला साजेसे स्थान मिळावे, ही विश्वस्त ब्रूक ॲस्टरबाईंची इच्छा. सेनाधिकारी पित्यासमवेत बाईंचे बालपण काही काळ पेकिंगमध्ये गेले होते.

नमुना म्हणून सूजौ नगरातील ‘वांगशी युआन’ या उद्यानाचे एक छोटे अंगण निवडले गेले. ‘वांगशी’ म्हणजे जाळ्यांचा धनी, अर्थात कोळी! जाळे मात्र तेथे कोणी टाकले नाही. राजसेवेला विटलेल्या पंडिताने स्वतःस साधा कोळी म्हणवून घेण्याची ती रीत.

खरी अडचण साहित्याची होती. खांबांसाठी लागणारे नान वृक्षाचे लाकूड दुर्मिळ झालेले. ते दूरच्या सिच्वान प्रांतातून आणावे लागले. विटा-फरशांसाठी सूजौजवळील लूमू येथील जुनी बादशाही भट्टी पुन्हा पेटविण्यात आली. 1966 ते 1976 या काळात चीनमध्ये ‘जुने’ म्हणून जे जे होते त्यावर घाव पडले होते. आणि त्यानंतर तीनच वर्षांत, 1979 मध्ये, तीच जुनी विद्या राष्ट्राची ओळख म्हणून परदेशी निघाली! मला या कथेतील हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. सूजौतच आधी पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून पाहिली गेली.

1980च्या आरंभी स्वयंपाक्यासह 27 चिनी मंडळी न्यूयॉर्कला आली. वरचे काचेचे छत अमेरिकन कामगारांचे, त्याखालचा मंडप चिनी सुतारांचा. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवायचे, ही त्यांची पद्धत. काही महिन्यांतच काम पुरे झाले आणि जून 1981 मध्ये चंद्राकार दारातून प्रेक्षक आत आले.

एक उणीव मात्र राहिली. काचेखालच्या त्या कौलांवर पाऊस पडत नाही. आणि चिनी बागेत पाऊस ऐकणे हाही एक विहारच! पुढे 1985-86 मध्ये सूजौच्याच 52 कारागिरांनी कॅनडातील व्हँकुव्हर येथे सन यत्-सेन यांच्या नावाची बाग बांधली, ती उघड्या आकाशाखाली. त्या नगरीत पाऊस भरपूर पडतो.