हंटरवालीची मुलगी

सोलापूर शहराचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे सिद्धेश्वराचें तळें, भुईकोट किल्ला, १८७७ च्या सुमारास सुरू झालेली पहिली कापडगिरणी आणि १९३० चा लष्करी कायदा हीं नांवें आपोआप ओठांवर येतात. बोलपटांचें नांव कोणी घेत नाहीं. आणि घेतलेंच तर तें ‘प्रभात’च्या ‘संत तुकारामा’चें, मारामारीच्या पटांचें नव्हे. सुशिक्षित घरांत या पटांना ‘स्टंट’ म्हणून नाक मुरडण्याची रीत होती. परंतु दिवसभर मागापुढें उभें राहून आलेला माणूस संध्याकाळीं दोन-चार आण्यांत काय पाहत असे, हाहि इतिहासच आहे. त्यांतून सोलापूर म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शेजारीं शेजारीं नांदणारें गांव. ज्या पटांत संवादांपेक्षां चाबूकच अधिक बोलतो, तो अशा गांवांत दुभाष्यावांचून समजतो.

आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका पटाविषयीं, किंबहुना त्याच्या दुसऱ्या भागाविषयीं. पहिला भाग १९३५ चा ‘हंटरवाली’. जे. बी. एच. वाडिया हे कायद्याचे पदवीधर, पण मन गुंतलें डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांत. ‘मार्क ऑफ झोरो’वरून त्यांनीं १९३१ मध्यें ‘दिलेर डाकू’ हा मूकपट काढला. १९३३ सालीं धाकटे बंधु होमी यांच्यासह त्यांनीं परळ भागांत ‘वाडिया मूव्हीटोन’ स्थापन केली. तेथें त्यांना नादिया मिळाली. मूळ नांव मेरी इव्हान्स, जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें, बालपणापासून वास्तव्य हिंदुस्थानांत, आणि पाठीशीं सर्कशींतील अनुभव. गोरी कांति, सोनेरी केस, हातांत चाबूक. अशी नायिका विकत घ्यावयास वितरक धजेनात. सहा महिने खपून आणि ८०,००० रुपये खर्चून केलेला पट (स्टंटपटाच्या मानानें ही रक्कम लहान नव्हे!) शेवटीं वाडियांनीं स्वतःच मुंबईच्या ‘सुपर’मध्यें लावला. तो तेथें पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. बाजारांत हंटरवालीच्या नांवाचे चाबूक आणि पट्टे विकले जाऊं लागले, आणि त्यांतील एक पैहि वाडियांकडे आली नाहीं.

कथा साधी. राणामल वजीर राजाला पळवून कैदेंत टाकतो. राजकन्या माधुरी मुखवटा चढवून जुलमी लोकांना शासन करीत हिंडते. कथेंत नवें कांहींच नाहीं. पण पाहणारे नवे होते. मे १९३० मध्यें सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी घालणें हाहि गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगांत फांशी दिलें गेलें. त्यानंतर चारच वर्षांनीं ज्यानें पडद्यावर गरिबांना नाडणारा वजीर चाबकाखालीं वांकलेला पाहिला, त्याला तो वजीर कोण, हें समजावून सांगण्याची गरज नव्हती. सेन्सॉरच्या कात्रीला मात्र परीकथेंतला वजीर कापतां येत नव्हता.

पुढें दोघां भावांच्या वाटा फुटल्या. थोरल्यांना सामाजिक आणि कलात्मक पटांची ओढ लागली. १९४१ ची ‘राजनर्तकी’ ही त्यांचीच निर्मिति. नादियाचे दिवस सरले, असें कंपनींत अनेकांना वाटूं लागलें. होमी बाहेर पडले. १९४२ सालीं वाडियांचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तेथें ‘राजकमल’ उभें राहिलें. होमींनीं ‘बसंत पिक्चर्स’ काढली आणि नव्या दुकानावर जुनीच पाटी लावली: ‘हंटरवाली की बेटी’, १९४३. हिंदी बोलपटांतील पहिला ‘पुढचा भाग’ म्हणून याचा उल्लेख होतो. दिग्दर्शक होते बटुक, म्हणजेच नानाभाई, भट्ट.

यांतली मुख्य उणीव नांवांतच आहे, असें माझें मत आहे. माधुरी ही आधीं राजकन्या असते, बाप पळविला जातो आणि मग ती हंटरवाली होते. हें होणें हेंच पहिल्या पटाचें सारें नाट्य. मुलीला तें नांव वारशानें मिळतें. कमवावें लागत नाहीं. शिवाय मुलगी म्हणून जिला उभें केलें, ती आठ वर्षांपूर्वींची हंटरवालीच, आतां पस्तिशीला आलेली. प्रेक्षकांनीं तें चालवून घेतलें, कारण त्यांना मुलगी नकोच होती, तीच हवी होती. चाबकाचा पहिला कडाड चकित करतो. दुसरा ओळखीचा वाटतो.

कांहीं दोष काळाचेहि होते. महायुद्धामुळें कच्ची फिल्म दुर्मिळ झाली होती आणि सरकारनें पटाची लांबी ११,००० फुटांवर आणली होती. मिनिटाला नव्वद फूट या हिशेबानें सुमारें दोन तास. अडीच-पावणेतीन तासांच्या बोलपटांना सरावलेल्या निर्मात्यानें अशा वेळीं काय कापावें? मारामारी कापली तर गिऱ्हाईक जाईल. म्हणून कात्री चालणार ती मनुष्यस्वभावावर. आणि १९४२ च्या चळवळीनंतर खऱ्या रस्त्यांवर जें घडून गेलें होतें, त्यापुढें मुखवट्याआडचा वजीर थोडा पोरकट वाटला असल्यास नवल नाहीं. आपल्याकडे ‘अमरज्योति’ंत दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी १९३६ मध्येंच समुद्रावर बंड करून गेली होती. त्या बंडामागें विचार होता. येथें होती ती सवय.

पण पट चालला, चांगला चालला. त्या पैशांनीं ‘बसंत’चा पाया बसला आणि पुढें चेंबूरला तिचा स्वतःचा स्टुडिओ झाला. नादिया १९६८ च्या ‘खिलाडी’पर्यंत पडद्यावर दिसत राहिली, १९६१ सालीं तिनें होमींशीं विवाह केला, आणि जानेवारी १९९६ मध्यें मुंबईंत तिचें निधन झालें. एखाद्या करारी बाईला लोक आजहि ‘हंटरवाली’ म्हणतात. तिची मुलगी मात्र कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं.