जुन्या मारुती व्हॅनचा हात न पोचणारा प्लग : सीटखालचं काम घाई न करता कसं करावं?

डिंडोली (सुरत), प्रतिनिधी : डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं भरपूर. आखाजी असो की लग्नसराई, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत गाडी गावाकडे निघते. अनेकांकडे आजही जुनी मारुती व्हॅन, म्हणजेच ओम्नी आहे. १९८४ मध्ये आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, पण जपलेल्या गाड्या अजून चालतात.

या गाडीची एक अडचण प्रत्येक मालकाला माहीत असते. इंजिन पुढच्या सीटखाली. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडलं की चारही प्लग समोर दिसायचे. व्हॅनमध्ये सीट उचलायची, झाकण काढायचं आणि वाकून अंदाजाने हात घालायचा. वायरी, पाइप आणि वर सीएनजीचं किट असेल तर एखादा प्लग नजरेलाही पडत नाही. मग होतं काय? हाताला येणारे दोन बदलले जातात, तिसरा तसाच राहतो.

एक प्लग राहिला तर काय बिघडतं?

७९६ सीसीचं हे इंजिन तीन सिलिंडरचं. एक प्लग नीट पेटला नाही तर इंजिनाचा तिसरा हिस्सा गेला. सपाट रस्त्यावर थोडी थरथर जाणवते, चालून जातं. पण विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट लागला की गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो. मागे मालाचा ट्रक, गाडीत बायका-पोरं. माझ्यावर ही वेळ आली आहे. गावाला निघण्याआधी ‘सगळे प्लग टाकले’ असं मला सांगितलं गेलं होतं. घाट चढून गेल्यावर पाहिलं तर कोपऱ्यातला प्लग जुनाच! म्हणून बदललेले जुने प्लग हातात मागून घ्या आणि तीन मोजा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर प्लगला ठिणगी पाडायला जास्त दाबाचा करंट लागतो. झिजलेला प्लग तिथे लवकर उघडा पडतो.

अवजारं कोणती?

- प्लगच्या मापाची खोल गोटी. जुन्या प्लगला बहुधा २१ मिमीची, काही नव्या प्लगना १६ मिमीची लागते. आधी माप बघा. आत रबर असलेली गोटी मिळाली तर उत्तम, प्लग खाली पडत नाही.
- लांब आणि आखूड अशी दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅचेट.
- वीतभर रबरी नळी, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल अशी.
- फीलर गेज, टॉर्च आणि छोटा आरसा.

खोलताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना जोर लावला तर आटे प्लगसोबत निघून येतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर काम थांबवा, आधी गळती शोधा.

प्लगची वायर टोपीला धरून ओढा, वायरीला नाही. एका वेळी एकच वायर काढली तर अदलाबदल होत नाही. प्लग अर्धा आटा सैल झाला की थांबा आणि भोवतालची धूळ हवेने उडवा. नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

प्लग हलतच नसेल तर टॉमीला पाइप लावून झटका मारू नका. गंज सोडवणारं तेल टाका, थांबा. मग थोडा सैल, थोडा परत घट्ट, असं करत काढा. युनिव्हर्सल जॉइंट जितका कमी वाकवाल तितकं बरं. तिरका जोर बसला तर प्लगची चिनी माती तडकते.

बसवताना

खरी कसोटी इथे आहे. नवा प्लग पान्याने सुरू करू नका. रबरी नळीत अडकवून आत सोडा आणि नळीच बोटांनी फिरवा. आटा तिरका लागला तर नळी प्लगवर घसरते, पण हेड वाचतं. सरळ लागला तर प्लग सहज खाली उतरतो. बोटाने फिरेनासा झाला की मगच पाना लावा. वायसरचा नवा प्लग असेल तर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. टॉर्क पाना असल्यास साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. प्लग हातातून पडला तर गॅप पुन्हा तपासा.

जुना प्लग काय सांगतो?

फिकट तपकिरी किंवा करडा : इंजिन ठीक. कोरडा काळा : पेट्रोल जास्त, नाहीतर एअर फिल्टर भरलेला. ओला तेलकट : इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफट : इंजिन जास्त तापतंय.

हिशेब

तीन प्लग आणि तासाभराची मेहनत एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात खराब झालेला आटा : हेड उतरवा, आटा भरून घ्या, गॅस्केट नवीन टाका आणि तितके दिवस गाडी उभी. जिची रोजची भाजी, टिफिन किंवा दुकानाचा माल व्हॅनवर आहे, तिला हा खाडा परवडत नाही. तेव्हा स्वतः करा की मेकॅनिककडून, त्या कोपऱ्यातल्या प्लगपासूनच सुरुवात करा. बाकीचे दोन तसेही होतात.