जर्नलमध्ये उतरवलेली सापेक्ष घनता

'द्रवाची सापेक्ष घनता काढणे' हा प्रयोग मी शाळेत केलाच नाही. जर्नलमध्ये मात्र आहे, सुबक आकृती आणि सरांच्या सहीसकट! रीडिंग आदल्या वर्षीच्या मुलाकडून उतरवलेली. घनतेची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. तुमच्यापैकी अनेकांचं हेच झालं असणार.

प्रयोग तसा सोपा. बाटली आधी रिकामी तोलायची, मग पाण्याने भरून, मग द्रवाने भरून. द्रवाच्या वजनाला तेवढ्याच पाण्याच्या वजनाने भागायचं. बुचाला बारीक भोक असतं, जास्तीचा द्रव त्यातून निघून जातो. म्हणून माप दर वेळी तेच राहतं.

पण ही मोजणी मार्कांसाठी जन्माला आलेली नाही. इ.स. 400च्या सुमारास सिनेसियसने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून द्रवात उभी तरंगणारी, खुणा केलेली नळी मागवली होती. तोच हा हायड्रोमीटर.

पुढे इंग्लंडात दारूवर कर बसला तो तिच्या कडकपणावर. आधी बंदुकीच्या दारूवर प्यायची दारू ओतून पेटवून बघत. पेटली तर 'प्रूफ'! यात वाद होणारच. शेवटी 1816 साली पार्लमेंटने साइक्सचा हायड्रोमीटर कायद्यात आणला. 51 अंश फॅरनहाइटला तेवढ्याच पाण्याच्या 12/13 वजन भरेल ती प्रूफ दारू. म्हणजे सापेक्ष घनता थेट कायद्यात! आपल्या उत्पादन शुल्काच्या हिशेबातला 'प्रूफ लिटर' त्याच घराण्यातला.

आता दुधाकडे या. लॅक्टोमीटर हाही हायड्रोमीटरच. गाईच्या दुधाची सापेक्ष घनता साधारण 1.028 ते 1.030. पाणी घातलं की ती उतरते, नळी खोल बुडते. पण साय काढली की घनता वाढते, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. मग साय काढा, बेतानं पाणी घाला, रीडिंग बरोब्बर! म्हणूनच डेअरीत फॅट वेगळं तपासतात.

ही लबाडी ओळखायला पदवी लागत नाही. हातात बाटली घेऊन एकदा स्वतः तोललेलं पुरतं. उतरवलेल्या रीडिंगवर वीस पैकी वीस मिळतात, पण समोरचा मापात फसवतोय हे कळत नाही.

पुढच्या पालक सभेला एवढंच विचारा: प्रयोगशाळेचं कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?